वजाबाकीचा आनंद

सोमवारी सकाळी शाळेतल्या काचेच्या टाकीत पाच मासे मरून तरंगत होते. दुसरीच्या वर्गाने ते पाहिलं आणि टाळ्या पिटल्या.

"बारातून पाच गेले," कस्तुरी म्हणाली, "सात राहिले." लाडू मिळाल्यासारखा तिचा चेहरा उजळला होता.

मृदुला नाखले या वर्गाची बाई, आणि कस्तुरीची आईही. जाळीने मासे काढताना ती माशांकडे नव्हे, कस्तुरीकडे बघत होती. घरी तिचा नवरा हेमंत फुप्फुसाच्या आजाराने अंथरुणाला खिळला होता. आता करण्यासारखं काही नाही, असं सांगून डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं होतं. आणि आल्या दिवसापासून कस्तुरी बाबांच्या उशाशी बसून हसत होती. पोर लहान आहे, तिला कळत नाही, अशी मृदुलाने स्वतःची समजूत घातली होती. मासे पाहिल्यावर ती समजूत टिकेना.

शाळांमधून अंकगणिताचा कंटाळा हद्दपार होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. ही करामत मोदपट्टीची. मोद म्हणजे आनंद. कपाळाभोवती बांधायची एक मऊ पट्टी. मुलाने पडद्यावरच्या खेळात गणित केलं, की ती मेंदूच्या आनंद देणाऱ्या भागाला हलकासा विद्युतस्पर्श करी. आवडता खाऊ जिभेवर ठेवल्यावर जे वाटतं, तेच मुलाला सात अधिक पाच केल्यावर वाटे. मुलं मधल्या सुट्टीत गणितं मागू लागली. आईबाप खूश होते, सरकार खूश होतं.

दुपारी मृदुलाने मोदपट्टीचे जनक डॉ. नौशाद बागवान यांची प्रयोगशाळा गाठली.

"सगळ्यांच्या पट्ट्या आजच काढते," ती बसायच्या आधीच म्हणाली.

"काढा. फरक पडणार नाही. सायकल शिकवताना आपण मागून धरतो. पोराला तोल सापडला की हात सुटला तरी ते जातंच पुढे. मेंदूला आता पट्टी लागत नाही."

"पण गणितात आनंद वाटायला हवा होता, डॉक्टर. मासे मेल्यावर नव्हे."

बागवानांनी चष्मा काढला. "पहिल्या वर्षाची ती बैठक आठवते? बेरजेत मुलं रमायची, वजाबाकीत अर्ध्यावर लक्ष उडायचं. तेव्हा तुम्हीच म्हणालात, उत्तरापर्यंत थांबू नका. पडद्यावरचा पक्षी उडाला, फुगा फुटला, की तिथेच आनंद द्या."

"सगळ्या शाळांचे निकाल सुधारले त्याने."

"सुधारले ना. मीही तुमची पाठ थोपटली. पण त्या क्षणी पोराने उत्तर कुठे काढलेलं असायचं? समोरची गोष्ट नाहीशी झालेली असायची, एवढंच. मेंदूने आनंद त्याच्याशी जोडला. कमी होण्याशी."

मृदुला म्हणाली, "कस्तुरीचे बाबा चाललेत. तिला वाईट वाटलं पाहिजे. तेवढं करा. बाकी गणित गेलं खड्ड्यात."

बागवानांनी खणातून एक राखाडी पट्टी काढली. तिचं काम उलटं होतं: काही कमी होताना पाहिलं की मुलाच्या मेंदूत दुःख जागं करणं. "एक तास बांधली की पुरे. पण या वयात ही वाट एकदाच वळवता येते. मग पेन्सिल झिजली तरी ती रडेल. झाडाचं पान गळलं तरी. जन्मभर."

"मधलं काही नाही?"

"माझा नातूही असाच हसतो. मधलं काही असतं तर त्याला नसतं का दिलं?"

मृदुलाने पट्टी उचलली.

ती घरी पोचली तेव्हा शेजारच्या मावशी दाराशी डोळे पुसत उभ्या होत्या. आत कस्तुरी स्टुलावर बसली होती, नजर रक्तातला प्राणवायू दाखवणाऱ्या यंत्रावर.

"चौऱ्याऐंशीतून तीन गेले, बाबा."

"किती राहिले?" हेमंतचा आवाज श्वासाखाली दबलेला होता.

"एक्क्याऐंशी." ती खुदकन हसली. तिला बघून तोही हसला.

मृदुला पुढे झाली. पट्टीचा बंद तिने सोडलेला होता.

"शाळेचं काहीतरी आहे. जरा बांधते हिला."

"आत्ता नको गं." त्याने लेकीचा हात धरला. "सकाळपासून जो येतो तो तोंड पाडून येतो. मला माझ्याच तेराव्याला बसल्यासारखं होतं. ही एकटी मला बघून हसते." तो दम घ्यायला थांबला. "घाबरत होतो मी, मृदू. हिच्याकडे बघितलं की नाही वाटत भीती. काय शिकवलंस तिला?"

मृदुलाने हातातल्या पट्टीकडे पाहिलं. पट्टी बांधली, तर कस्तुरी आज बापासाठी रडेल, आणि बाप ते रडणं बघत जाईल. नाही बांधली, तर तो गेल्यावरही पोरगी हसेल, लोक बघतील, आणि एके दिवशी ती स्वतः आईच्या उशाशी अशीच बसेल.

"आई, सर ना. दिसत नाही मला."

मृदुला बाजूला सरकली. यंत्रावरचा आकडा बदलला.

"चार गेले," कस्तुरी आनंदाने म्हणाली. "सत्त्याहत्तर. बरोबर ना, आई?"

हेमंतही तिच्याकडेच बघत होता, उत्तराची वाट पाहत.

"बरोबर," मृदुला म्हणाली.