डाव्या चाकाचा सूर

पहिल्यांदा तिला दिसले ते त्याचे बूट. बाकीचा सगळा माणूस तिच्या गाडीखाली होता... म्हणजे, सही केली की जी तिची होणार होती, त्या गाडीखाली.

"तपासनीस कुठे भेटतील?" तिने बुटांना विचारलं.

"भेटले की," बूट म्हणाले. "खालची पट्टी तेवढी आवळतोय, मॅडम. आलोच."

तो बाहेर आला. गालावर काळा डाग, हातात त्यानेच सही केलेला अहवाल. बॅटरी उत्तम, ब्रेक उत्तम, चाकं उत्तम.

ती पियानो जुळवणारी. घरोघरी जाऊन रुसलेल्या तारा सुरात आणायच्या, हे तिचं काम. इंजिनाची घरघर ऐकत कुठे पोचलं, की पुढचा अर्धा तास तिचे कान ठिकाणावर येत नसत. म्हणून तिला विजेवरचीच गाडी हवी होती. वापरलेली चालेल, पण शांत हवी. "गाडीतलं तुला काय कळतं? मी येतो," असं दादा म्हणाला होता. ती हट्टाने एकटी आली होती.

जुन्या गाड्यांच्या त्या दुकानाच्या मालकाने कागद पुढे सरकवला. "दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय, ताई. सही करा आणि मोकळ्या व्हा."

"आधी एक चक्कर मारते," ती हळूच म्हणाली.

तपासनीस शेजारी बसला. रस्त्याला लागताच तिने काचा वर घेतल्या, पंखा बंद केला.

"रेडिओ लावू?"

"नको. गाडीच गातेय."

तो हसला. "हिला आवाजच नाही, मॅडम. तीच तर हिची खासियत."

"आहे. मागे... बारीक गुणगुणतेय. उजवीकडे वळून भार डावीकडे गेला की जोर धरते. म्हणजे डावं चाक असेल ना?"

"कानसेन दिसता," तो म्हणाला. पण पुढच्या वळणावर त्याचं हसू विरलं. झिजलेल्या बेअरिंगचं हे लक्षण त्याला पाठ होतं.

परत आल्यावर त्याने गाडी वर उचलली, मागचं डावं चाक हाताने फिरवलं आणि वरच्या स्प्रिंगवर बोटं टेकली. "इथे हात ठेवा."

पोलादातून जात्यासारखी खरखर येत होती. दोघांची बोटं शेजारी शेजारी... आणि कुणालाच ती काढून घ्यायची घाई नव्हती.

"काय अडलं?" मालक आला.

तिने अहवालाकडे पाहिलं. जुन्या गाडीत एवढं चालायचंच, असं तपासनीस म्हणाला की संपलं. सही त्याची, अहवाल त्याचा. तिचं कोण ऐकणार?

त्याने पेन काढलं आणि 'चाकं उत्तम' यावर आडवी रेघ ओढली. "चूक माझी. मी चक्कर मारली, पण रेडिओ लावून. बेअरिंग बदलल्याशिवाय ही कुणालाच द्यायची नाही. आणि द्यायची ती यांनाच. दोष यांनी शोधलाय."

मालकाचं तोंड आंबट झालं, पण कागद त्याने मागे घेतला.

बेअरिंग यायला आठवडा लागला. रोज संध्याकाळी तपासनिसाचा फोन यायचा. "अजून आलं नाही, मॅडम."

"हे सांगायला फोन?"

"आलं नाही, हेही कळवायला हवंच ना..."

चौथ्या दिवशी 'मॅडम'ची 'कानसेन' झाली. पाचव्या दिवशी घंटी वाजायच्या आधीच फोन तिच्या हातात होता.

आठव्या दिवशी पुन्हा तीच चक्कर. काचा बंद, पंखा बंद. शेजारी तो निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा ताठ.

"काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही." तिने मनोमन देवाला हात जोडले. इतकी भरलेली शांतता तिने कधी ऐकली नव्हती.

बॉनेटवर कागद ठेवून तिने चांगली मोठी सही ठोकली. मग दादाला फोन लावला. "गाडी घेतली. मला काय कळतं ते घरी आल्यावर सांगते."

"माझं काम संपलं मग," तपासनीस म्हणाला. किल्ली मात्र त्याच्या मुठीतच होती.

"तपासनिसाची तपासणी कोण करतं?"

"आजवर... कुणी मागितली नाही."

"मी मागतेय. दिवस लागतील हं बरेच. मला घाई जमत नाही."

"आणि दोष निघाले तर?"

"ते तुम्ही स्वतःच लिहून द्याल. म्हणून तर..." ती अडखळली, मग सरळ त्याच्याकडे पाहिलं. "म्हणून तर आवडलात."

किल्ली तिच्या तळव्यावर आली. त्याचे कान लालबुंद झाले होते.

गाडी फाटकातून बाहेर पडताना मालक मागून ओरडला, "तपासनीस, तुम्ही कुठे निघालात?"

त्याने काच खाली केली. "चक्कर मारून बघायचीय."

"ती तर मघाशीच झाली ना?"

"ती गाडीची."