ओहोटीचं पाणी

तो गुडघाभर चिखलात रुतला होता आणि दोन्ही हात वर. हातांत बाटल्या. जीव गेला तरी चालेल, बाटल्या फुटता कामा नयेत, असा थाट!

मी बाबांच्या होडीतून फळी टाकली. "ओ साहेब, ओहोटीला बूट घालून खाडीत कोण उतरतं?"

"मला... ओहोटी कधी असते ते माहीत नाही."

"मग काय माहीत हाय?"

"केमिस्ट्री," तो म्हणाला. इतक्या प्रामाणिकपणे की मला हसूच फुटलं. ओढून काढला त्याला. डावा बूट मात्र खाडीनं ठेवून घेतला.

नाव हितेश. राहायला खांदा कॉलनीत. नाल्याच्या तोंडाशी सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र आहे, तिथल्या प्रयोगशाळेत चार महिन्यांपासून नोकरीला. महिन्यातून एकदा खाडीचं पाणी तपासायचं. केंद्र चालवणारा ठेकेदार सांगेल त्या दिवशी, दुपारी बारा वाजता. आज पंप अडकला म्हणून पाच वाजले.

होडीच्या काठावर बसून त्यानं बाटलीत दोन औषधं सोडली. आत साका धरला – दुधासारखा पांढरा. त्याचा चेहराही तसाच.

"हे तपकिरी व्हायला हवं. पांढरं म्हणजे पाण्यात प्राणवायूच नाही. पण... दर वेळी तपकिरी होतं!"

"दर वेळी म्हंजे कधी? तारखा दाखव."

कोळ्याच्या पोरीला तारखेवरून तिथी काढायला वेळ लागत नाही. पुनव. अवस. अवस. पुनव.

"पुनवेला नि अवसेला, भर दुपारी बारा वाजता! अरे, तेवा उधाण असतं. दर्याचं पाणी आत येतं. तू दर्या तपासलास, बाबा! तुमचं गटार नाय."

तो वहीतल्या तारखा पुन्हा बोटानं मोजायला लागला. मी कशाला गप्प बसू? दोन वर्षं माझ्या बापाच्या जाळ्यात बोईट मासा नाही, काळा गाळ येतो. आणि हा पाणी उत्तम म्हणून सही ठोकतो! सगळं तोंडावर बोलले. त्यानं मान वर केली तेव्हा डोळे भरलेले... सुंदर डोळे होते. राग आला म्हणून माणूस आंधळा होत नाही.

"पुढची ओहोटी कधी?" एवढंच त्यानं विचारलं.

"उद्या सकाळी, साडेसहाला. ये. अनवाणी."

आला. आठवडाभर रोज आला. मी वेळ सांगायची, तो बाटली भरायचा. अहवालात त्यानं दोन रकाने केले – भरती आणि ओहोटी – खाली स्वतःची सही. ठेकेदार म्हणाला, "हा कागद बाहेर गेला, तर तूपण बाहेर." हितेशनं कागद वर पाठवला. एक प्रत मी मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर डकवली. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"बुटाचं वाटतंय. नवा होता."

पण फळ्यावरचा कागद अख्ख्या खाडीनं वाचला होता. बायका टोपल्या घेऊन केंद्राच्या फाटकावर बसल्या. वीज वाचवायला बंद ठेवलेली, पाण्यात हवा सोडणारी यंत्रं पुन्हा घरघरायला लागली. ठेकेदार गेला. नव्या ठेकेदारानं हितेशला परत बोलावलं.

काल अष्टमी. दुपारची ओहोटी. चिखलात निवट्या टणाटण उड्या मारत होत्या – हे आमचे मासे दोन वर्षं दिसले नव्हते. हितेशनं औषधं सोडून बाटली माझ्या हातात दिली. साका हळूहळू तपकिरी झाला. फिका... पण तपकिरी.

"प्रांजल," तो बाटलीकडे बघतच म्हणाला, "तुझ्या बाबांना भेटायचं होतं. आपलं... म्हणजे आपल्याबद्दल."

"मग भरतीला ये. तेवा बाबा खुशीत असतात."

"नको. भरतीला सगळंच चांगलं दिसतं. तू मला ओहोटीत बघ – आणि मग हो म्हण. किंवा नाही."

मी होडीच्या फळीखाली हात घातला. त्याचा डावा बूट बाहेर काढला. गाळातून काढून धुतलेला, वाळवलेला.

"ओहोटीतच बघितलाय तुला. पहिल्याच दिवशी," मी म्हणाले. "उजवा फेकलास ना?"

त्याचे कान लाल झाले.

"नाही... एकच असून काय उपयोग, आई रोज विचारते. पण ठेवलाय."