दोराचं दुसरं टोक

आधीच सांगते, मला गोष्टी रचता येत नाहीत. ही माझ्या सख्ख्या मामाची आहे. मामा खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. हे सांगताना झाले नव्हते.

आणि हे रात्री वगैरे घडलेलं नाही. रविवारी, भर दुपारी, धबधब्यावर घडलं.

मामाचं काम उंच इमारतींच्या काचा पुसायचं. दोराला लटकून. वर गच्चीवर दुसरं टोक धरून बसायचा बारक्या, म्हणजे मामीचा धाकटा भाऊ. कितीतरी वर्षं हीच जोडी.

वाऱ्यात हाक ऐकू जात नाही, म्हणून यांची बोली दोराची. वरून दोन हिसके, जरा थांबून तिसरा. म्हणजे धरलंय, बिनधास्त राहा. खालच्याचे पाय जमिनीला टेकले की त्याने एक लांब ओढ द्यायची. म्हणजे पोचलो, सोड.

ती ओढ येईपर्यंत वरच्याने दोर सोडायचा नाही. मेला तरी नाही.

"मेहुण्याच्या हातात जीव देणारा मीच एक शहाणा," मामा चेष्टा करायचा.

"सोडलं तर ताई घरात घेईल का मला, भावोजी?"

तर त्या दिवशी तिघं धबधबा बघायला गेले. मामीचे गुडघे दुखत होते, ती खाली चहाच्या टपरीवर बसली. हे दोघं वर गेले. पाणी इतक्या उंचावरून कोसळत होतं की शेजारचा ओरडला तरी नुसते ओठ हलताना दिसायचे. पाण्याच्या मागे खडकातून एक अरुंद वाट जात होती. मामाला तिथे जायची हौस आली. कामाचा दोर गाडीत होताच, तो आणला. मामाने पट्टा बांधला, बारक्या दोर धरून खडकावर बसला.

मामा पाण्यामागे गेला. आत हिरवट अंधार होता. कान फाटतील असा आवाज...

आणि मग आवाजच थांबला.

पाणी समोर पडत होतं. पण कानात काहीच नाही.

मामा बावरला आणि तेवढ्यात त्याचा पाय सटकला. तो थेट कड्यावरून खाली गेला. दोर ताणला. मामा लोंबकळत राहिला.

दोन हिसके... जरा थांबून... तिसरा.

मामाचा जीव भांड्यात पडला. आहे बारक्या.

मग दोर वर जायला लागला. सावकाश, एकसारखा, कुठेही न थांबता. मामा अंगाने भारी, बारक्या म्हणजे काडी. पण तेव्हा हे कोणाला सुचतंय?

मामा वर पोचला.

खडकावर कोणी नव्हतं.

दोर मात्र ताठ होता. बसलेल्या माणसाचे हात जिथे असतात, तिथपर्यंत हवेत ताठ... आणि तिथून पुढे खाली सैल पडलेला.

मामाने पट्टा काढून टाकला आणि जीव घेऊन पळाला.

टपरीवर बारक्या बहिणीशेजारी बसून चहा पीत होता.

"काढले का फोटो?" मामीने विचारलं. "हा म्हणाला, तुम्ही फोटो काढून मागून येताय. कधीचा येऊन बसलाय."

मामाने मामीला टपरीवरच थांबवलं. गाडीपाशी त्याने बारक्याची कॉलर धरली.

"मागून कोणीतरी माझ्या हातांवर हात ठेवले, भावोजी. गार पडलेले. ओले."

"म्हणून तू सोडलास?"

बारक्याने मान खाली घातली. "त्याने धरला होता ना."

मामाला हेच सगळ्यात जास्त लागलं. पळाला, ठीक आहे, भीती कोणालाही वाटते. पण ज्याला पोटच्या पोरासारखं वागवलं, तो आपला जीव भलत्याच्याच हातात देऊन चहा प्यायला गेला. वर सख्ख्या बहिणीला खोटं सांगितलं. मामाने त्याला पुन्हा दोराला हात लावू दिला नाही. तो घरी आला की मामा उठून बाहेर जातो. मामीची दोन्हीकडून ओढाताण होते.

आता वर नवा माणूस असतो. हे दोघं वायरलेसवर बोलतात. हिसक्यांची बोली मामाने त्याला शिकवलेलीच नाही.

गेल्या महिन्यात मामा काच पुसत होता...

दोन हिसके. जरा थांबून... तिसरा.

मामाने वर पाहिलं. नवा माणूस कठड्याशी उभा राहून दोन्ही हातांनी टोपी नीट करत होता.

तेव्हा मामाच्या लक्षात आलं. धबधब्यावर तो पट्टा टाकून पळाला होता. लांब ओढ द्यायची राहून गेली होती. सोड म्हणून त्याने सांगितलंच नव्हतं.

"मग आता सांग की," मी म्हटलं. "एक ओढ द्यायची आणि मोकळं व्हायचं."

"खाली उतरलो की तो नसतो गं. मी हवेत असतो तेव्हाच येतो. तेव्हा सोड कसं म्हणू?"

मामी आतून म्हणाली, "बारक्याला परत बोलवा हो. झालं गेलं सोडून द्या."

"नको," मामा म्हणाला. "हा निदान सोडत तरी नाही. मला काही भीती वाटत नाही त्याची."

त्याचे कान लालभडक झाले होते.