चार बोटांचं तापमान

दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी गार पडलेला साचा आपोआप तापला.

हे खरं घडलंय. माझ्या मावशीसमोर. आणि मावशी तिखटमीठ लावणाऱ्यांतली नाही. अर्धा अंश चुकला तरी ती अहवाल फाडते.

वितळलेलं प्लॅस्टिक साच्याला किती वेगाने उष्णता देतं, हे मोजणं तिचं काम. त्यासाठी मशीनमधल्या साच्याच्या पोलादात नखाएवढे पाच सेन्सर बसवले होते. पंख्यासारखे, उघड्या पंजासारखे: अंगठ्याच्या जागी एक नंबर, करंगळीच्या जागी पाच.

कारखान्यातले जुने फिटर मास्तर हसायचे. "पोरी, तुझ्या तारा सांगतील तेव्हा सांगतील. माझा हात आधीच सांगतो." रोज सकाळी डावा पंजा साच्यावर टेकवायचे. त्या पंजाला अनामिका नव्हती. ती याच मशीनने खाल्ली होती.

तीन महिन्यांपूर्वी मास्तर वारले.

त्या दुपारी दोन नंबरच्या सेन्सरची तार तुटली. मशीनचं दार उघडलं की सगळं बंद पडतं, आकडेही, म्हणून मावशीने दाराचा स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवला.

"ताई, हे बरं नाही," ऑपरेटर म्हणाला.

"दोन मिनिटांचं काम आहे. तू आकडे वाच."

तिने साच्याच्या दोन भागांमध्ये हात घातला.

"दोन सोडून सगळे बावीस अंश... ताई, साच्याला पंजा टेकवलात का?"

"नाही. का?"

"एक नंबर तेहेतीस झाला... तीन पण... पाच पण..."

"आणि दोन?"

"तोही तेहेतीस."

मावशीने आपल्या हाताकडे पाहिलं. दोन नंबरची तुटकी तार तिच्या चिमटीत होती.

"चार?"

"चार बावीसच आहे..."

स्क्रीन बघायला तिने हात बाहेर काढला.

धाड...

साचा मिटला. बटणाला कोणी शिवलंही नव्हतं.

मशीन दोनदा तपासलं. दोष निघाला नाही. मास्तरांनी तिला वाचवलं, असं सगळे म्हणतात. साचा मिटवला कोणी, हे मात्र मावशीला अजून कळलेलं नाही.

पुढे तो साचा दुसऱ्या कारखान्यात गेला. परवा तिथल्या फिटरचा फोन आला.

"मॅडम, साचा अजून टेबलावरच आहे. नुसत्या तारा जोडल्यात. पाचही सेन्सर तेहेतीस दाखवतायत."

"पाचही? चार नंबर पण?"

"हो. कालपासून."

मावशीने एवढंच विचारलं, "काल तुमच्याकडे कोणाच्या बोटाला काही झालं का?"

"साचा उतरवताना एकाची अनामिका... तुम्हाला कोणी सांगितलं?"

मग पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.