सहावी फेरी

दारव्ह्याच्या मैदानावर सामना एका गुणानं हातचा गेला आणि प्रशिक्षक रुपालीचं डोकंच फिरलं. समोरच्या पोरी अजून नाचत होत्या, आणि इकडे ती सगळ्यांदेखत आपल्याच संघातल्या, आठवीतल्या खुशीला झापत होती.

"तुह्यामुळं हारलो आपन. आत जायले येवढा उशीर कायले केला?"

खुशी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

"मॅडम..." मागून आवाज आला. "पोरीनं उशीर नाही केला. तुमी तिचा हात धरून होत्या."

हातात गुणपत्रिका, कानावर पेन, खिशाला शाईचा डाग. हा संघदीप. मूळचा उमरखेडचा, इथल्या शाळेत नवाच लागलेला, आज गुणलेखक म्हणून दिवसभर टेबलामागं गुमान बसलेला. नेमकी आत्ताच त्याला वाचा फुटली होती.

आणि तो म्हणत होता ते खरं होतं. खो-खोत पळणाऱ्या तिघी-तिघींनी मैदानात उतरतात. आधीच्या तिघी बाद झाल्या, की समोरच्यांचे दोन खो व्हायच्या आत पुढच्या तिघींनी शिरायचं. जी मागं राहिली ती बाद. दोघी शिरल्या. खुशीला मात्र रुपालीनं मनगट धरून थांबवलं होतं, एक शेवटची सूचना द्यायला. सूचना कोणती, ते आता तिलाही आठवेना.

"तुमचं काम गुण लिहायचं ना, सर?"

"तेच करून राह्यलो," तो शांतपणे म्हणाला. "पन खोटं कसं आयकू?"

डोळे मोठे स्वच्छ होते मेल्याचे. हे आपल्या ध्यानात यावं, याचाच रुपालीला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सरावाला आठच पोरी आल्या. तिसऱ्या दिवशीही आठच. मैदानात नऊ जणी लागतात, राखीव कुणी नव्हतं. खुशी नाही तर रविवारचा पुढचा सामना नाही, आणि घरोघरी आयांच्या विनवण्या करून दोन वर्षांत उभा केलेला संघ तिथंच मोडला असता. रुपालीनं उन्हाला दोष देऊन पाहिला, पंचाला देऊन पाहिला, पोरीच्या नाजूक स्वभावालाही दिला. एकही टिकेना. मनगट धरणारा हात तिचा स्वतःचा होता.

गुरुवारी ती खुशीच्या गावी गेली. खुशीची आई विमलताई कापूस वेचत होती. पलीकडच्या ओळीत खुशी. तिनं मान वर केली नाही.

"बोलनं सहन केलं असतं तिनं, मॅडम," विमलताई हात न थांबवता म्हणाली. "पन चारचौघात झालं ना ते."

"चूक माही होती, ताई. चारचौघात झाली, तं चारचौघातच भरीन. उद्या पाठवा तिले."

शुक्रवारी खुशी आली, पण फाटकापाशीच उभी राहिली. रुपालीनं तिला आत आणलं, सगळ्यांना गोल उभं केलं. या संघाचा नियम रुपालीनंच घातलेला होता: ज्याची चूक, त्यानं मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या.

"सोमवारी खुशीले उशीर नाही झाला. म्या तिले धरून ठेवलं, आन् वरून तिलेच बोलली. चूक माही हाय. खुशी, तू मोज."

तिनं आपली शिट्टी खुशीच्या गळ्यात घातली आणि पळायला लागली. पोरी एकेक करून हसायला लागल्या. खुशी सगळ्यांत शेवटी हसली.

पहिली फेरी संपत होती, तोच रविवारचं वेळापत्रक घेऊन संघदीप आला. काय चाललंय ते त्यानं खुशीला विचारलं, चपला काढल्या, आणि दुसऱ्या फेरीला रुपालीच्या बाजूनं पळू लागला.

"तुमी काहून पळून राह्यले?"

"माही बी चूक हाय."

"कोनती?"

"खो मोजाचे सोडून मी तुमच्याकडं..." त्याला धाप लागली. "तुमच्याकडं पाहून राह्यलो होतो. म्हनून तं धरलेला हात दिसला."

रुपालीची पावलं चुकली. तिनं उगाच वेग वाढवला. तो मागं राहिला, मग धापा टाकत पुन्हा बरोबरीला आला.

"असा गुणलेखक कोन्या कामाचा?"

"कोन्याच नाही. तेच आयोजकायले लिहून देल्लं काल. रविवारी तुमच्या सामन्याले दुसरा बसते."

"काहून?"

"निष्पक्ष नाही राह्यलो मी."

पुढच्या कोपऱ्यावर रुपालीनं वेग कमी केला. आवडला तिला तो. तोंडावर खरं बोलला होता म्हणून, आणि तीच पट्टी स्वतःलाही लावली म्हणून.

"म्हंजे रविवारी येनारच नाही...?"

"येनार ना. लोकाइत बसीन. तिथं बाजू घ्यायले मनाई नाही."

शिट्टी वाजली. "मॅडम, तुमच्या पाच झाल्या," खुशी म्हणाली. "सर, तुमची एक बाकी हाय."

संघदीप गुडघे धरून वाकला होता. त्यानं रुपालीकडं पाहिलं. "सूट भेटते का?"

"नियम सगळ्यायले सारखा," रुपाली म्हणाली, आणि पुन्हा पळायला लागली. तोही निघाला, तिच्या बाजूनं.

"मॅडम, तुमची ही कोन्या चुकीची?" खुशीनं विचारलं.

"ही चुकीची नाही," रुपालीनं वळून सांगितलं. "ही माह्या मनाची हाय."

खुशीनं शिट्टी गळ्यातून काढली. ती फेरी कुणी मोजली नाही.