चोवीस खुर्च्या आणि एक भिंत

हाडांची पेटी मागायला तो आला त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की लायब्ररीच्या काचेतून समोरचं झाडसुद्धा दिसत नव्हतं. आमच्या खोऱ्यात हिवाळ्यातलं धुकं पाहुण्यासारखं येत नाही, घरजावयासारखं येतं... एकदा आलं की हलायचं नाव नाही.

काउंटरमागे डेल्फिना बोर्बा बसली होती. वय अठ्ठावीस, केस पेन्सिलीने वर खोचलेले, आणि कॉलेजातल्या पोरापोरींना धाकात ठेवणारा चेहरा. खरं सांगायचं तर तो धाक पाच मिनिटांच्या वर टिकत नसे.

"हाडांची पेटी हवी होती," तो म्हणाला. रुंद खांदे, पापण्यांवर धुक्याचे बारीक थेंब, आणि बुटांना गोठ्याचा वास.

"पेटी फक्त अ‍ॅनाटॉमीच्या विद्यार्थ्यांना मिळते. दोन तासांसाठी. मोजून देते, मोजून घेते. नाव?"

"एव्हारिस्तो ओंतिवेरोस. सगळे रिस्तो म्हणतात."

तिने कॉम्प्युटरवर पाहिलं. "तुमच्या नावावर अ‍ॅनाटॉमी नाहीच."

"नाहीच. आधी बायोलॉजी करा म्हणाले. पण म्हटलं, बघायला काय हरकत आहे... बारा वर्षं गायींची खुरं साळतोय. गायीचं हाडन् हाड ओळखतो. माणसाचं एकही पाहिलं नाही."

"आणि पुढे काय करायचंय?"

"फिजिओथेरपीतलं सहायकाचं काम. वाकून वाकून माझ्या काकाची पाठ गेली. माझी जायच्या आत दुसऱ्यांच्या पाठी सरळ करायला शिकावं, म्हटलं."

डेल्फिनाला हसू आलं, पण पडद्यावरचं पाहून ते ओठांवरच थांबलं. "हे बायोलॉजी नंबर दहा कुणी घ्यायला सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मंगळवार-गुरुवार दुपारी असतं. सकाळी गायी असतात ना! शिवाय प्रयोगशाळा नाही. बरं वाटलं."

"बरं वाटणारच! ते चित्रकला नाहीतर इतिहास घेणाऱ्यांसाठी आहे. त्याच्या जोरावर अ‍ॅनाटॉमीवाले तुम्हाला दारातही उभं करणार नाहीत. तुम्हाला बायोलॉजी वीस हवं... प्रयोगशाळेसकट."

"दोन्ही बायोलॉजीच ना?"

"गाय आणि बैल, दोन्ही गुरंच ना? बैलाचं दूध काढून बघा."

तो असा खळखळून हसला, की वाचत बसलेल्या चार जणांनी माना वर केल्या. डेल्फिनाने घाईघाईने पेन्सिल केसांतून काढली आणि उगाचच परत खोचली.

"बायोलॉजी वीसच्या चोवीसही खुर्च्या भरल्यात," ती म्हणाली, "पण आज पहिला दिवस आहे. त्या कॉम्प्युटरवर जाऊन प्रतीक्षा यादीत नाव घाला आणि दहा वाजता वर्गात भिंतीपाशी उभे राहा. मिसेस अवाकियन हजेरी घेतात. पहिल्या दिवशी जो आला नाही, त्याची खुर्ची गेली. धुकं असलं की दहा मिनिटं जास्त थांबतात. मग रिकाम्या खुर्च्या भिंतीवाल्यांना, यादीच्या क्रमाने."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर पुढच्या खेपेला परत उभं राहायचं." बोलून गेली खरी, पण तिचंच वाक्य तिला टोचलं.

बाराच्या सुमाराला काचेवर टकटक झाली. बाहेर रिस्तो उभा होता. त्याने काचेवर फूऽऽ करून वाफ सोडली आणि बोटाने लिहिलं... चोवीस. शेवटची खुर्ची मिळाली होती. आकडा तिच्या बाजूने उलटा दिसत होता, तरी तिला तो लगेच वाचता आला.

नियम नियमच. पेटी अ‍ॅनाटॉमीच्याच विद्यार्थ्यांची. पण काउंटरवरची बाई जेवणाच्या सुट्टीत स्वतः पेटी उघडून बसली आणि समोरच्या खुर्चीवर कुणी सँडविच खात बसलं, तर कुठला नियम मोडतो? वर्गाच्या दिवसांच्या गायी रिस्तोने दुपारवर ढकलल्या, आणि बाकीच्या दिवशी हिवाळा संपेपर्यंत त्याची सकाळची कामं बरोबर बाराला संपायला लागली. गायींनाही त्याची घाई कळली असावी.

"हे काय, खडे आहेत?" एकदा त्याने विचारलं.

"मनगटाची हाडं आहेत. आठ असतात."

"गायीला सहा. आणि एक गंमत सांगू? गायीचा पुढचा गुडघा म्हणतात ना, तो गुडघा नसतोच. ते मनगट असतं."

"काहीतरीच!"

"बघू हात..." त्याने तिचं मनगट अलगद धरलं आणि अंगठ्याने मधोमध दाबलं. खरबरीत अंगठा होता, पण दाब असा हलका, की त्याच्याखाली तिची नाडी उड्या मारायला लागली. "गाय बसताना वाकते ती इथे."

"इथे म्हणजे माझ्या मनगटात?"

"म्हणजे... गायीच्या... तुमच्या नाही... तुझ्या नाही..." तो लाल झाला. 'तुम्ही'चं 'तू' झालेलं दोघांच्याही लक्षात आलं, आणि परत मागे न्यायला कुणीच तयार नव्हतं. हातही सोडवायचा राहून गेला.

मग तिने डोळे मिटले, आणि तो एकेक हाड तिच्या तळहातावर ठेवत गेला. आठही हाडांची नावं तिने नुसत्या स्पर्शावरून सांगितली.

"तुला हे सगळं कसं येतं, डेल्फिना?"

ती हाडं एकेक करून पेटीत ठेवत म्हणाली, "नऊ वर्षांपूर्वी दोन्ही विषय केलेत मी. बायोलॉजी, अ‍ॅनाटॉमी, दोन्हीत पहिली श्रेणी. नर्सिंगचा अर्ज भरून तयार होता. आणि आईला अर्धांगाचा झटका आला."

"मग?"

"मग काय... एक वर्ष, दोन वर्षं. आता आई ठणठणीत आहे. चर्चच्या सणाला शंभर माणसांचं सूप एकटी करते. पण सात वर्षांपेक्षा जुनं विज्ञान नर्सिंगवाले धरत नाहीत. माझं बायोलॉजी शिळं झालं, रिस्तो."

"परत घेता येतं ना?"

"एकोणीस वर्षांच्या पोरींच्या शेजारी बसून 'पेशी म्हणजे काय' परत पहिल्यापासून?" ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "दर सत्राला दोन्ही विषय नावनोंदणीच्या ऑनलाइन कार्टमध्ये टाकते. बटण काही दाबत नाही. शेवटच्या दिवशी कार्ट रिकामं करते. कुणाला सांगू नकोस."

आता हा म्हणेल, 'घे गं, त्यात काय एवढं!' आई म्हणते, मावशी म्हणते, चर्चमधले म्हणतात. पण रिस्तोने नुसती मान हलवली आणि आपल्या सँडविचमधलं अर्धं तिच्यापुढे सरकवलं. तिला बरंही वाटलं आणि, का कोण जाणे, थोडा रागही आला.

उन्हाळा आला नि गेला. ऑगस्टमध्ये रिस्तोला अ‍ॅनाटॉमी मिळालं आणि तो काउंटरवर कोपरं टेकून ऐटीत म्हणाला, "पेटी. आता हक्काने."

तिने पेटी दिली, मोजून. परत घेतानाही मोजली, सावकाश, गरज नसताना दोनदा. तो समोर उभा असायचा तेवढीच त्यांची भेट. कधी तो मुद्दाम चुकीचं नाव सांगायचा, ती त्याच्या बोटांवर पट्टी मारायची. दोन तासांच्या पेटीचा हिशेब संपायला अर्धा तास लागू लागला.

नोव्हेंबरात पुढच्या सत्राची नावनोंदणी सुरू झाली. डेल्फिनाचं कार्ट नेहमीप्रमाणे भरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती रिस्तोवर एकदम उखडली.

"तू काहीच का म्हणत नाहीस? सगळं जग मला 'घे घे' म्हणतं. तुला काय, माझं काही पडलेलंच नाही?"

रिस्तोने हातातली बरगडी खाली ठेवली. "खुरं साळायला गाय खोड्यात घ्यावी लागते. ती खोड्याच्या तोंडाशी येते नि थांबते. नवशिका माणूस मागून ढकलतो, शेपूट पिळतो. मग ती दिवसभर आत जात नाही. आम्ही तिच्या खांद्यापाशी जाऊन उभे राहतो. नुसते. तिला दिसू असे. मग केव्हातरी ती आपणहून पाऊल टाकते."

"...तू मला गाय म्हणालास."

"चांगल्यातली."

खोडरबर नेमका त्याच्या कपाळावर बसला. तो कपाळ चोळत गेला, आणि डेल्फिनाने काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर कार्ट उघडलं. डोळे मिटले. बटण दाबलं.

तीन दिवस उशीर झाला होता. पडद्यावर आलं, 'बायोलॉजी वीस: वर्ग भरला आहे. प्रतीक्षा यादी, क्रमांक तीन.'

जानेवारी उजाडला तो पुन्हा धुक्यात. काउंटरवरून दोन तासांची सुट्टी घेऊन डेल्फिना वर्गात शिरली आणि भिंतीपाशी उभी राहिली. तिच्याआधी दोघं होते. पहिला सैन्यातून परतलेला एक मिशीवाला गृहस्थ, दुसरी टेगन नावाची, हिरव्या केसांची पोरगी. तिसरी डेल्फिना.

आणि चौथा आत आला रिस्तो.

मिसेस अवाकियननी चष्म्यावरून पाहिलं. "ओंतिवेरोस? तू तर गेल्या वर्षी पास झालास."

"हो, मॅडम."

"मग भिंतीपाशी काय करतोस?"

"नुसता उभा आहे, मॅडम."

वर्ग फिसकन हसला. डेल्फिना कानांपर्यंत लाल झाली. हजेरी झाली. चोवीसपैकी दोन खुर्च्या रिकाम्या. मॅडमनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "धुकं आहे. दहा मिनिटं."

"दोनच खुर्च्या आहेत," ती कुजबुजली, "आणि मी तिसरी."

"दिसतंय."

"आज नाही मिळाली तर मी परत येणार नाही, रिस्तो. मी ओळखते मला. कार्ट भरेन नि रिकामं करेन... म्हातारी होईपर्यंत."

"मग मी पुढच्या जानेवारीत येऊन उभा राहीन. तू ये नाहीतर नको येऊस."

"तुला काय वेड लागलंय? बायोलॉजी झालंय तुझं!"

"मी बायोलॉजीसाठी उभा नाहीये गं," तो म्हणाला. आवाज इतका हळू, की तिला तो कानांपेक्षा खांद्यालाच जास्त जाणवला. "मागच्या जानेवारीपासून मी दुसऱ्या कशासाठीच उभा नाहीये."

तेवढ्यात टेगनने वळून घाबरत विचारलं, "इथे खरंच बेडूक कापायला लागतो का हो?"

"लागतो. तुला पुढे काय करायचंय?" डेल्फिनाच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"नाटक! मला फक्त विज्ञानाचा एक विषय हवाय."

काय सांगायचं ते डेल्फिनाच्या जिभेवर आलं होतं, आणि ते सांगितलं तर खुर्ची कुणाची होणार तेही तिला लख्ख दिसत होतं. पोरगी काय म्हणेल? पण न सांगावं, तर ही बिचारी रडत रडत बेडूक कापणार.

"हे बघ, यादीत तुझ्यामागे मीच आहे," ती म्हणाली. "तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मॅडमना विचार. तुला बायोलॉजी दहा हवंय. मंगळवार-गुरुवार. बेडूक नाही, काही नाही."

टेगनने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान डोलावली. "बरोबर सांगतेय ती. बायोलॉजी दहाला जागा आहेत, पळ."

पोरीने डेल्फिनाला घट्ट मिठी मारली आणि ती वाऱ्यासारखी गेली.

नवव्या मिनिटाला दार धाडकन उघडलं. डेल्फिनाने रिस्तोची बाही पकडली... टेगन! पाण्याची बाटली विसरली होती. "सॉरी, सॉरी!" म्हणत ती बाटली घेऊन पुन्हा पळाली.

मॅडमनी घड्याळ उचललं. मिशीवाल्याचं नाव घेतलं, तो पुढच्या खुर्चीवर जाऊन बसला. मग...

"बोर्बा, डेल्फिना. खिडकीजवळची खुर्ची."

आणि डेल्फिनाचा पाय उचलेना. इतकी वर्षं पाठीला चिकटलेली भिंत अशी कशी सुटावी? एकोणीस-वीस वर्षांची बावीस तोंडं तिच्याकडे पाहत होती. तिने बाजूला पाहिलं. रिस्तो काही बोलला नाही. त्याने हात लावला नाही, मानही हलवली नाही. नुसता उभा होता, तिला दिसेल असा.

तिने पाऊल टाकलं. मग दुसरं. आणि ती खुर्चीत बसली.

रिस्तो दाराशी पोचला होता.

"रिस्तो!" सगळा वर्ग वळला. आता काय व्हायचं ते होवो. "दुपारी घरी ये. आईने गोड पाव भाजलाय. तिला दोन गोष्टी सांगायच्यात. एक बायोलॉजीची."

"आणि दुसरी?"

"दुसरी... मला तू आवडतोस ही. खूप आवडतोस. वर्ष झालं."

शिट्ट्या, टाळ्या, बाकं बडवणं. मिशीवाला गृहस्थ सगळ्यांत जोरात. रिस्तोला दाराची मूठ सापडत नव्हती, दार मॅडमनीच उघडून दिलं. "जा आता," त्या म्हणाल्या, "नाहीतर तुला परत परीक्षेला बसवीन."

थोड्या वेळाने खिडकीवर टकटक झाली. बाहेरच्या पांढऱ्या धुक्यात एक काळंसावळं तोंड, काचेवर वाफ, आणि वाफेत बोटाने काढलेला आकडा... चोवीस. तिने आतून काचेला तळहात लावला. त्याने बाहेरून, बरोब्बर तिच्या मनगटासमोर, अंगठा टेकवला आणि तो धुक्यात शिरला.

"हं," मिसेस अवाकियन फळ्याकडे वळल्या. "पहिल्यापासून सुरुवात करू. पेशी म्हणजे काय?"

डेल्फिनाने केसांतली पेन्सिल काढली आणि वहीचं कोरं पान उघडलं. पेशी म्हणजे काय ते तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिने शब्दन् शब्द लिहून घेतला.