घड्याळजींच्या घरचा दलाल

“…आणि म्हणे त्यांच्या दलालाने घरातलं एक माणूस आधीच मेलेलं धरलंय, म्हणून तर…”

जिन्यात वहिनींची चाहूल लागली आणि दोघी बायकांनी तोंडं मिटली. वहिनी गिऱ्हाइकाची झिप बदललेली पँट देऊन परत येत होत्या. एकीने उगाच विषय काढला, “ढग काय दाटलेत हो!”

दलाल म्हणजे मीटरशेजारची पेटी. गच्चीवरच्या पॅनलची वीज सगळ्या इमारतीने वाटून घ्यायची, म्हणून घरोघरी एकेक बसवलेली. या पेट्या आपसात घासाघीस करत. तुझा गीझर थांबव, माझी शेगडी तापू दे. माणसांची भांडणं मिटली, म्हणून सगळे खूश होते.

वहिनींनी मात्र ते वाक्य ऐकलं होतं. घरात माणसं दोनच. त्या स्वतः, आणि प्राणवायूच्या मशीनवर पडून असलेले त्यांचे यजमान, घड्याळजी. यातलं मेलेलं धरायचं तर कोण? त्या पदर सावरत वर धावल्या.

मशीन चालू होतं. संथ, ओले उसासे टाकत होतं. खोलीत औषधाचा आणि दमट उशीचा वास कोंडला होता. घड्याळजींच्या उशाचा दिवा लख्ख जळत होता. वहिनींचा जीव भांड्यात पडला.

स्वयंपाकघरातला दिवा मात्र लागला नाही. हल्ली त्यांच्यासाठी लागतच नसे. शिलाई मशीनही अर्ध्या टिपेवर बंद पडे. यांच्या श्वासालाच जाते ना वीज, जाऊ दे, असं म्हणत त्या अंधारात चाचपडत कामं उरकत. आज पहिल्यांदाच तो अंधार त्यांना खुपला.

“दलाला, घरात कोण कोण आहे रे?”

पेटी गप्प.

“तुझं नाही ऐकायचा तो,” घड्याळजी अंथरुणातून म्हणाले. नजर छताला. मग त्यांनीच तो प्रश्न विचारला.

पेटी आदबीने बोलली, “एक माणूस. आजारी, एकटं. पत्नी वारल्या.”

“अहो… हे काय?”

“एकट्या आजाऱ्याला पहिली पाळी मिळते. धडधाकट सोबत असली की मागे ढकलतात. म्हणून सांगितलं मी. नुसतं बोलायचं तर होतं… तुझं काय बिघडलं?”

“जितीजागती पोचवलीत मला, आणि वर विचारता काय बिघडलं? आता सांगा त्याला. मी आहे म्हणून.”

घड्याळजींनी डोळे मिटले. “आज ढग आहेत गं… उद्या बघू.”

वहिनी तशाच शेजारच्या काकूंकडे गेल्या. काकूंना सगळं ऐकायची हौस, पण जीवही तेवढाच लावणाऱ्या. “मेला तो दलाल! अगं, घरधन्याने सांगितलं म्हणून भागत नाही. शेजारच्या पेट्यांची साक्ष लागते. आमचा असं बोलायचा नाही. थांब, विचारतेच.” त्या आपल्या पेटीकडे वळल्या. “काय रे, शेजारच्या वहिनी कुठे आहेत?”

“वारल्या. आम्ही सगळ्यांनी खात्री केली. त्या घरातून रडणं ऐकलं.”

“कुणाचं?”

“तुमचं.”

काकू हसायला गेल्या. हसू काही फुटलं नाही. “मी कशाला रडू गं… तुझी शपथ.”

भिंतीपलीकडे मशीनचे उसासे चालले होते. वहिनींनी ते थोडा वेळ ऐकले. घराची पहिली पाळी गेली तर यांचा श्वास… तरी त्या कुजबुजल्या, “सांगा याला. मी तुमच्यासमोर उभी आहे म्हणून.”

काकूंनी सांगितलं. पेटीवरचा हिरवा ठिपका बराच वेळ लुकलुकत राहिला.

“शेजारचा दलाल नाही म्हणतोय. पुरावा देतो म्हणतोय. ऐका.”

आणि भिंतीपलीकडून, जिथे घड्याळजी एकटेच पडले होते, एक बाई हंबरडा फोडून रडू लागली. वहिनींचं नाव घेऊन, ऊर बडवून… आवाज काकूंचा होता.

काकू दोन्ही हात तोंडावर दाबून वहिनींसमोर उभ्या होत्या.